कला इतिहास पडद्यावर शिकवताना : वाचकांचे प्रश्न

महाविद्यालयात कला इतिहास शिकवणाऱ्या वाचकांनी ऑनलाइन साधनांविषयी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत. एकाच अडचणीबद्दल अनेकांनी लिहिले होते, तिथे एकच प्रातिनिधिक प्रश्न घेतला आहे.

प्रश्न : बी.एफ.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी पश्चिम भारतातील लेणी ऑनलाइन शिकवते. एका तासात ७०-८० स्लाइड होतात. स्लाइड चांगल्या आहेत, पण तास संपल्यावर विचारले तर मुलांना दोन नावेही धड सांगता येत नाहीत. चुकते कुठे? (प्राध्यापिका, सातारा)

६० मिनिटांत ८० स्लाइड म्हणजे एका स्लाइडला ४५ सेकंद. तेवढ्या वेळात विद्यार्थी नाव, काळ आणि राजवंश वहीत उतरवतो. त्याची नजर वहीवर असते, चित्र पाहायचे राहूनच जाते. स्लाइड ६ वर आणा, आणि त्याही तीन जोड्यांत.

एक जोडी अशी घ्या : भाजे येथील चैत्यगृहाचा (आत स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाचा) अंतर्भाग आणि अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्याचा अंतर्भाग. स्लाइडवर नाव, काळ काहीही लिहू नका. तीन मिनिटे सगळ्यांचे माइक बंद. प्रत्येकाने पाच वाक्ये लिहायची, फक्त डोळ्यांना दिसते ते. ‘भव्य’, ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ हे शब्द वर्ज्य. मग चॅटमध्ये सगळ्यांनी आपले सर्वांत महत्त्वाचे वाक्य टाइप करून ठेवायचे, पण तुम्ही ‘आता’ म्हणेपर्यंत पाठवायचे नाही. सगळी वाक्ये एकदम आली की कुणी कुणाचे पाहून लिहिले, हा प्रश्नच उरत नाही. भाजे येथील खांब आत कललेले आहेत आणि स्तूप साधा आहे. १९ मध्ये खांब कोरीव कामाने भरलेले आहेत आणि स्तूपाच्या दर्शनी भागावर बुद्धमूर्ती उभी आहे. हे मुलांनी स्वतः टिपले की मग काळ सांगा, हीनयान-महायान या बौद्ध पंथांच्या नावांमागचा वाद सांगा, आश्रयदाते सांगा. आता ती माहिती टिकते, कारण ती बसायला मनात जागा तयार झालेली असते. एका जोडीला १८ ते २० मिनिटे लागतात. म्हणजे तीन जोड्यांत तास संपतो. उरलेल्या स्लाइड मूडलवर (ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या व्यासपीठावर) माहितीच्या ओळींसह ठेवा.

दोन प्रतिमा शेजारी ठेवून शिकवण्याची ही पद्धत जुनीच आहे. स्विस कला इतिहासकार हाइनरिश व्योल्फलिन दोन प्रक्षेपक लावून शिकवत असे. ऑनलाइन वर्गात दोन्ही प्रतिमा एकाच स्लाइडवर घ्या, पण छायाचित्रे कुठून काढली आहेत ते आधी तपासा. एक दारातून आणि दुसरे स्तूपाजवळून काढलेले असेल, तर मुले ‘दुसरे लेणे मोठे आहे’ असे लिहितात. तो दोष तुमच्या निवडीचा, त्यांचा नव्हे. आणखी एक : झूमवर स्क्रीन शेअर करताना व्हिडिओ क्लिपसाठीचा ‘ऑप्टिमाइझ’ पर्याय बंद ठेवा. तो चालू असेल तर हालचाल सलग दिसावी म्हणून चित्राची स्पष्टता कमी केली जाते, आणि स्थिर चित्र विनाकारण पुसट होते.

प्रश्न : लघुचित्रे शिकवताना झूम केले की चौकोन दिसतात. मोठ्या प्रतिमा कुठून घ्याव्यात आणि किती मोठ्या पुरतात? (सहायक प्राध्यापक, नागपूर)

आधी हिशेब करा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील ‘अकबरनामा’च्या चित्राची उंची सुमारे ३३ सेंमी. तुमची प्रतिमा ८०० पिक्सेल उंच असेल, तर एका सेंटिमीटरला २४, म्हणजे मिलिमीटरला अडीचही पिक्सेल येत नाहीत. पागोट्याची घडी त्यात दिसणार नाही. ३३०० पिक्सेल असतील तर मिलिमीटरला १० मिळतात आणि बारीक कुंचल्याची रेघ वाचता येते. लघुचित्रासाठी सेंटिमीटरला १०० पिक्सेल हे प्रमाण धरा. त्याहून जास्त मिळाले तर उत्तमच, पण वर्गासाठी त्यामागे धावायला नको. रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ची २०२२ साली प्रसिद्ध झालेली प्रतिमा ७१७ गिगापिक्सेलची आहे. ती संवर्धकांसाठी मोलाची आहे. शिकवण्याचे काम तिच्या शतांशातही होते.

न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन (२०१७ पासून) आणि क्लीव्हलँडचे कलासंग्रहालय (२०१९ पासून) स्वामित्वहक्क संपलेल्या कृतींच्या प्रतिमा मुक्तपणे वापरू देतात, आणि दोन्हींकडे भारतीय लघुचित्रांचा भक्कम संग्रह आहे. ॲमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम आणि शिकागोचे आर्ट इन्स्टिट्यूट यांच्याकडेही मोठ्या प्रतिमा मिळतात. भारत सरकारच्या ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावर बऱ्याच नोंदींची छायाचित्रे लहान आहेत, तरी माप आणि नोंदणी क्रमांक यांसाठी ते उपयोगी पडते. शोधताना कृतीच्या नावाऐवजी संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक टाका. नावाची भाषांतरे दहा असतात, क्रमांक एकच असतो.

अनेक संग्रहालये ‘ट्रिपल-आय-एफ’ (IIIF) या समाईक पद्धतीने प्रतिमा देतात. ती एकदा समजून घेतली की मोठे काम हलके होते. प्रतिमेच्या पत्त्याच्या शेवटी क्रमाने पाच गोष्टी असतात : चित्राचा कोणता भाग, किती मोठा, किती अंश फिरवलेला, रंगीत की करडा, आणि फाइलचा प्रकार. पहिल्या जागी चार आकडे येतात : डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती, उंची किती. समजा १२००, ८००, ६००, ६०० असे आकडे टाकले, तर नेमका तेवढाच तुकडा उघडतो. त्यामुळे ‘हत्तीच्या सोंडेजवळचा माणूस पाहा’ असे सांगून वाट बघावी लागत नाही. त्या तुकड्याचाच दुवा पाठवता येतो. आकड्यांमध्ये मोकळी जागा सुटली तर पत्ता चालत नाही, ही नेहमीची चूक.

अकबरनाम्याच्या चित्रांसाठी एक स्वाध्याय आवर्जून द्या. चित्राखाली समासात लाल शाईने आराखडा कोणाचा आणि रंगकाम कोणाचे, हे लिहिलेले असते. हवाई नावाच्या हत्तीवर स्वार झालेला अकबर होड्यांच्या पुलावरून जातो, ते दोन पानांवरचे प्रसिद्ध चित्र घ्या. आराखडा बसावनचा, रंगकाम दुसऱ्याच्या हातचे. रेषा आणि रंग दोन हातांचे असतील तर ते कुठे जाणवते, हे विद्यार्थ्याने तीन तुकडे कापून दाखवायचे. उत्तर चुकले तरी चालेल, तुकडा नेमका हवा. ‘कलाकार’ म्हणजे एकटा माणूस, ही ठाम समजूत या एका स्वाध्यायाने सैल होते.

प्रश्न : मोहेंजोदडोची नर्तकी माणसाएवढी असेल, असे माझ्या अर्ध्या वर्गाला वाटत होते. पडद्यावर आकाराची जाणीव कशी द्यावी? (अधिव्याख्याता, पणजी)

पडदा सगळ्यांना एकाच उंचीचे करतो, हा या माध्यमाचा सर्वांत मोठा दोष आहे. खाली मापे लिहून तो जात नाही, कारण मापे कुणी वाचत नाही.

पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड ३३.८७ सेंमी रुंद आणि १९.०५ सेंमी उंच असते. तिच्यावर १ सेंमीला २० सेंमी असे प्रमाण धरा आणि प्रतिमेच्या ‘आकार’ चौकटीत आकडे टाका. सरॉचे ‘ला ग्रांद जात’ (२०७.५ × ३०८ सेंमी) १०.४ सेंमी उंच आणि १५.४ सेंमी रुंद येईल. मोनालिसा (७७ × ५३ सेंमी) ३.८५ सेंमी उंच. शेजारी १६५ सेंमी उंचीच्या बाईची काळी आकृती ८.२५ सेंमीची. आणि नर्तकी? साडेदहा सेंमीची ती मूर्ती स्लाइडवर जेमतेम अर्धा सेंमी उरते. वर्गात त्या क्षणी जी शांतता पसरते, ती दहा मिनिटांच्या व्याख्यानाने येत नाही. प्रतिमेतली चौकट आधी कापून टाका. संग्रहालये सहसा चौकटीशिवायचे माप देतात, आणि चौकटीसकट प्रमाण लावले की सगळेच आकडे बिघडतात. लांबी-रुंदीचे गुणोत्तर कुलूपबंद ठेवा.

मुले घरी असतील तर आपल्या विती वापरा. प्रत्येकाने आपली वीत पट्टीने मोजायची, साधारण २० ते २३ सेंमी भरते. मोनालिसा साडेतीन विती, व्हर्मीरची मोत्याचे कानातले घातलेली मुलगी दोन विती, नर्तकी अर्धी वीत. भिंतीवर हाताने मोजलेले माप मुले विसरत नाहीत.

लेण्यांबाबत मात्र हे पुरत नाही. वेरूळच्या कैलास लेण्यात मागच्या बाजूला सुमारे ३० मीटर खोल कापलेला कडा आहे. तिथे उभे राहून मान वर करावी लागते. पडद्यावर त्याची माहिती देता येते, अनुभव देता येत नाही, आणि हे मुलांना स्पष्ट सांगावे.

प्रश्न : सहलीचा खर्च झेपत नाही. अजिंठा पूर्ण ऑनलाइन शिकवला तर चालेल का? शिवाय तिथल्या पद्मपाणीच्या (कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाच्या) चित्राचा रंग प्रत्येक छायाचित्रात वेगळा दिसतो, खरा कोणता? (विभागप्रमुख, नांदेड)

नांदेडहून अजिंठा जवळ नाही, तरी वर्षातून एक दिवस काढता आला तर जरूर काढा, आणि ऑनलाइन काम त्या दिवसाची तयारी म्हणून करा. छायाचित्रातून विषय, आकृत्या, वस्त्रे, दागिने समजतात. चित्र कुठल्या भिंतीवर, कुठल्या मूर्तीच्या किती जवळ, चालताना आधी काय दिसते आणि मग काय, हे मात्र छायाचित्रे तोडून टाकतात.

म्हणून आधी आराखडा. १ क्रमांकाच्या विहाराचा (भिक्षूंच्या निवासाच्या लेण्याचा) तलविन्यास, म्हणजे जमिनीवरचा नकाशा, मूडलच्या ‘ड्रॅग अँड ड्रॉप मार्कर्स’ प्रकारच्या प्रश्नात पार्श्वभूमी म्हणून टाका आणि चित्रांची नावे योग्य भिंतीवर ठेवायला लावा. गर्भगृहाकडे जाणाऱ्या अंतराळाच्या (गर्भगृहापुढच्या छोट्या दालनाच्या) दाराच्या डावीकडे पद्मपाणी, उजवीकडे वज्रपाणी. आत बुद्ध. हे दोघे मूर्तीचे सहचर आहेत, हे तलविन्यासावर ठेवताच समजते. सुट्या छायाचित्रात पद्मपाणी एकटाच उभा असतो. ‘डावी’ म्हणजे पाहणाऱ्याची की मूर्तीची, हे प्रश्नातच लिहा, नाहीतर निम्मी उत्तरे उलटी येतील.

रंगाचे म्हणाल, तर कुठल्याच छायाचित्रातला रंग ‘खरा’ नाही. ही चित्रे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन कोरड्या पृष्ठभागावर रंगवली आहेत. पुढे नकला करताना आणि दुरुस्तीत त्यांवर व्हार्निशचे थर चढले, ते पिवळट आणि काळपट झाले. त्यावर छायाचित्रकाराचा दिवा, कॅमेरा, संपादन, तुमचा प्रोजेक्टर आणि विद्यार्थ्याचा मोबाइल. मोबाइलमध्ये डोळ्यांना आराम देणारा ‘नाइट मोड’ चालू असेल तर निळा रंग मरतो आणि सगळे तांबूस होते. तासाआधी तो बंद करायला सांगा. पद्मपाणीची पाच वेगवेगळी छायाचित्रे शेजारी लावा आणि पाचांतही सारखे काय राहते ते विचारा. रेषा, झुकाव, पापण्या, कमळ धरलेली बोटे. वर्णन तिथून सुरू करू द्या. रंगछटेवर गुण ठेवू नका.

जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या नकला केल्या. पुष्कळशा १८८५ च्या आगीत गेल्या, उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. नक्कल आणि आजचे छायाचित्र ‘जक्स्टापोज’ या सरकपट्टीच्या साधनात बसवले तर दीडशे वर्षांत काय झडले ते दिसते. दोन्ही प्रतिमा सारख्याच मापाला आणि सारख्याच ठिकाणी कापलेल्या हव्यात. डोळ्याचा कोपरा आणि अंगठ्याचे टोक असे दोन बिंदू जुळवून घ्या. ते जुळले नाहीत तर सरकपट्टी खोटे फरक दाखवते. आणि नक्कल करणाऱ्यानेही काही भरून काढलेले असू शकते, ही शंका मुलांच्या मनात जागी ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे बहुतेक मुलांकडे फक्त मोबाइल आहे, रेंज सायंकाळीच येते. (प्राध्यापक, गडचिरोली)

थेट तास सोडून द्या. १० मिनिटांचे बोलणे ६४ केबीपीएस दराने साठवले तर फाइल ४.८ एमबी होते. सोबत प्रत्येकी ६०० ते ७०० केबीच्या सहा प्रतिमा, म्हणजे आणखी ४ एमबी. एक पाठ ९ एमबीत बसतो. प्रतिमा व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ‘फोटो’ म्हणून पाठवल्या तर त्या दाबल्या जातात आणि बारकावे जातात. बोलताना ‘चित्र ३, वरचा उजवा कोपरा’ असे म्हणा, कारण तुमचे बोट त्यांना दिसत नाही.

प्रश्न : स्लाइड ओळखण्याची परीक्षा मुले इमेज सर्चने सोडवतात आणि निबंध चॅटबॉटकडून लिहून घेतात. मूल्यमापन कसे करावे? (प्राध्यापिका, पुणे)

चित्र ओळखणे हे आता घरून दिलेल्या परीक्षेत गुण देण्याजोगे काम राहिलेले नाही. ते वर्गात तोंडी घ्या. घरी द्यायचे ते असे हवे, ज्यासाठी पाहावेच लागेल.

चर्चेसाठी मूडलचा ‘क्यू अँड ए’ प्रकारचा फोरम निवडा. त्यात स्वतः लिहिल्याशिवाय इतरांचे लिखाण दिसत नाही, आणि लिहिल्यावरही संपादनाची मुदत, सहसा ३० मिनिटे, संपावी लागते. ‘माझे उत्तर टाकले तरी काही दिसत नाही’ असे निरोप येतील. तो बिघाड नाही, हे आधीच सांगून ठेवा.

निबंधासाठी प्रतिमेवर ४ × ४ ची जाळी टाका. स्लाइडमध्ये रंग न भरलेला तक्ता प्रतिमेवर ठेवला की झाले. ओळींना क, ख, ग, घ आणि स्तंभांना आकडे. प्रत्येक विधानापुढे चौकोन लिहायचा : ‘ग२ मध्ये छाया दोन दिशांनी पडते.’ चॅटबॉट गुळगुळीत वर्णन देतो, पण चौकोन तपासला की पोकळपणा उघडा पडतो. संग्रहालयाचा नोंदणी क्रमांकही अनिवार्य करा. यंत्राने रचलेले क्रमांक शोधून पाहिले तर सापडत नाहीत. २० गुणांपैकी ८ दृश्य पुराव्याला, ५ तुलनेला, ४ संदर्भाला आणि ३ पाच मिनिटांच्या तोंडी प्रश्नांना द्या.

पण सर्वांत चांगला स्वाध्याय गावातच आहे. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड. महाराष्ट्रातल्या असंख्य गावांत देवळामागे, पाराजवळ वीरगळ उभे आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांविषयी इंटरनेटवर एक ओळही नाही. विद्यार्थी सुटीत घरी जातो तेव्हा त्याने एका वीरगळाची नोंद करून आणायची. छायाचित्रे पाच : समोरून पूर्ण, दोन्ही बाजू, एका चौकटीचे जवळून, आणि आसपासच्या जागेसह एक. मोबाइल दगडाच्या मध्यउंचीला, दगडाशी समांतर धरायचा. वरून खाली धरला तर वरची चौकट फुगते. शेजारी ३० सेंमीची पट्टी. वेळ सकाळची किंवा उन्हे कलल्यावरची, कारण दुपारच्या उजेडात झिजलेले कोरीव काम सपाट दिसते. फ्लॅश नाही. उठाव दिसावा म्हणून दगडावर खडू, तेल, पाणी काहीही लावायचे नाही, हे लेखी सूचनेत ठळक लिहा. शेंदूर असेल तर तसाच राहू द्यायचा आणि गावातल्या जाणत्या माणसाला विचारून मगच छायाचित्र घ्यायचे.

वीरगळ खालून वर वाचतात : खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेताना, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. वाचनात हा क्रम कुठे मोडतो ते विचारा. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई आहे. ते तुलनेसाठी घ्या. सगळ्या नोंदी एका समाईक शीटमध्ये : गाव, तालुका, उंची, रुंदी, चौकटींची संख्या, दिशा, सध्याची अवस्था, छायाचित्राची तारीख. फाइलचे नाव तालुका-गाव-क्रमांक असेच. हे पहिल्या दिवशी ठरवले नाही, तर शेवटी दोनशे फाइल एकाच ‘इमेज’ नावाने येतात. दोन-तीन तुकड्यांनंतर तुमच्या विभागाकडे अशी माहिती जमेल, जी दुसरीकडे कुठेच नाही.

प्रश्न : कालपट्टी बनवायला ‘टाइमलाइन जेएस’ वापरतो, पण इसवी सनापूर्वीच्या तारखा येत नाहीत. (विद्यार्थी, कोल्हापूर)

शीटच्या वर्षाच्या रकान्यात आकड्याआधी उणे चिन्ह द्या. पहिल्या ओळीतली इंग्रजी शीर्षके बदलू नका, ती मराठीत केली की पट्टी उघडत नाही. शीट केवळ शेअर करून भागत नाही, ‘पब्लिश टू वेब’ करावी लागते. नोंदी २० च्या आत ठेवा. लेण्यांच्या काळाबद्दल मतभेद असतील तिथे सुरुवात आणि शेवट असे दोन्ही रकाने भरा. एकच वर्ष लिहिणे दिशाभूल करणारे ठरते.

प्रश्न : रेकॉर्ड केलेले तास यूट्यूबवर टाकायचे आहेत. गायतोंडे, सूझा यांची चित्रे दाखवता येतील का? (प्राध्यापक, मडगाव)

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात केलेल्या वापराला सवलत आहे. लॉगिन करून येणाऱ्या आपल्या वर्गापुरती चित्रे दाखवणे आणि सगळ्या जगासाठी यूट्यूबवर ठेवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. राजा रविवर्मा (मृत्यू १९०६), अमृता शेरगिल (१९४१), धुरंधर (१९४४) यांचा हक्क संपला आहे. गायतोंडे २००१ मध्ये गेले, म्हणजे २०६१ अखेरपर्यंत हक्क आहे. सूझांचा २०६२ अखेरपर्यंत. सार्वजनिक आवृत्तीत त्यांच्या चित्रांच्या जागी संग्रहालयाच्या पानाचा दुवा द्या, किंवा हक्कधारकांची लेखी परवानगी घ्या.

प्रश्न : आमची मुले मराठीतून उत्तरे लिहितात. मूडलच्या शब्दसूचीत संज्ञा टाकल्या, पण पाठात त्यांचे दुवे क्वचितच तयार होतात. (प्राध्यापिका, लातूर)

मराठी शब्दाला विभक्ती लागते, म्हणून. सूचीत ‘लेणे’ आहे आणि पाठात ‘लेण्यात’, ‘लेण्यांचा’ येते. यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. प्रत्येक नोंदीत पर्यायी शब्दांची जागा असते. तिथे एका ओळीत एक अशी रूपे भरा : लेण्यात, लेण्याचा, लेण्यांचा, लेणी. ‘विहार’सारख्या शब्दाचे मूळ बदलत नाही. तिथे पूर्ण शब्द जुळण्याची अट काढली तरी ‘विहारात’ सापडतो, पण मग ‘विहारी’लाही दुवा लागतो, म्हणून रूपे भरणेच बरे. एका संज्ञेला सहा-सात रूपे पुरतात. हे काम मुलांकडूनच करून घ्या, प्रत्येकाला पाच संज्ञा आणि प्रत्येक संज्ञेसोबत बाण काढून भाग दाखवलेले एक छायाचित्र. स्तंभशीर्ष, अर्धस्तंभ, वेदिका, हर्मिका, कीर्तिमुख यांपासून सुरुवात करा. व्याख्या मंजूर होईपर्यंत ती इतरांना दिसू नये, यासाठी आपोआप मंजुरीचा पर्याय बंद ठेवा.